आकडे हिरवे, तरी गाडी डावीकडे का ओढते?

वाचकांचे प्रश्न : वाहन आणि देखभाल

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझी पाच आसनी लहान गाडी तीन महिन्यांपूर्वी पावसात घसरली आणि तिचे डावे पुढचे चाक मोरीच्या कठड्यावर आदळले. विमा कंपनीच्या मंजुरीने दुरुस्ती झाली. डावा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), डावा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांची उभी जोडणी), टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचे टोक), रिम आणि बम्पर बदलले. चाकाची नकल, म्हणजे चाक ज्यावर बसते तो वळणारा भाग, मात्र जुनीच ठेवली. गाडी ताब्यात आल्यापासून सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड सैल केली की ती डावीकडे ओढते, आणि चार हजार किलोमीटरच्या आत डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड स्पष्टपणे झिजली आहे. अलाइनमेंट दोनदा करून घेतले. वर्कशॉपचे म्हणणे असे, की टो (वरून पाहता चाक पुढे आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) हिरव्यात आहे, या गाडीत कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर झुकाव) बदलण्याची सोय नाही, लाल दिसणारा आकडा मर्यादेबाहेर जेमतेम ८ मिनिटांनी आहे, आणि टायर बदलले की तक्रार राहणार नाही. कागदावरचे आकडे पुढीलप्रमाणे आहेत.

पुढचा कॅम्बर : डावीकडे अधिक ० अंश ३८ मिनिटे (लाल), उजवीकडे उणे ० अंश ५२ मिनिटे (हिरवा), मर्यादा उणे १ अंश ते अधिक ० अंश ३० मिनिटे.
कॅस्टर : डावीकडे २ अंश २० मिनिटे, उजवीकडे ३ अंश २५ मिनिटे, मर्यादा २ अंश १५ मिनिटे ते ३ अंश ४५ मिनिटे, दोन्ही हिरवे.
एसएआय : डावीकडे ११ अंश ५७ मिनिटे, उजवीकडे १३ अंश २५ मिनिटे; मर्यादा छापलेली नाही.
पुढचा एकूण टो : ० अंश ६ मिनिटे (हिरवा).
सेटबॅक : डावे चाक ८ मिलिमीटर मागे.
मागचा टो : डावीकडे ० अंश १२ मिनिटे, उजवीकडे ० अंश १० मिनिटे, थ्रस्ट अँगल (मागची चाके गाडीला ढकलतात त्या दिशेचा तिरकेपणा) ० अंश १ मिनिट.

हे आकडे कसे वाचावेत आणि वर्कशॉपला नेमके काय विचारावे?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही सर्व आकडे पाठवलेत, त्यामुळे ठामपणे काही सांगता येते. तुमच्या गाडीची दुरुस्ती अजून पूर्ण झालेली नाही आणि टायर बदलून ती पूर्ण होणार नाही. इंजिनाखाली आडवा बसणारा आणि लोअर आर्म ज्यावर बसतात तो सबफ्रेम, ज्याला आपले मेकॅनिक क्रॉस मेंबर म्हणतात, तो डाव्या बाजूने आत आणि मागे सरकलेला आहे, किंवा तो जिथे बॉडीला बोल्टने जोडला जातो ती जागाच सरकली आहे. हा निष्कर्ष कसा निघतो ते सविस्तर सांगतो, कारण वर्कशॉपशी बोलताना तुम्हाला प्रत्येक पायरी स्वतः मांडता आली पाहिजे.

आधी एककाबद्दल. येथील मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, पंचांगात जिला कला म्हणतात तीच. काही यंत्रे अंश-मिनिटांत आणि काही दशांश अंशांत आकडे छापतात. ० अंश ३८ मिनिटे म्हणजे दशांशात ०.६३ अंश, उलट ०.३८ अंश म्हणजे जेमतेम २३ मिनिटे. वेगवेगळ्या केंद्रांचे दोन कागद शेजारी ठेवून तुलना करताना हा घोटाळा फार होतो, म्हणून दोन्हींवरचे एकक आधी तपासावे.

आता रंगाबद्दल. यंत्रावरचा हिरवा किंवा लाल रंग प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे पाहून ठरतो. गाडी सरळ चालण्यासाठी मात्र डाव्या आणि उजव्या चाकांतला फरक अधिक महत्त्वाचा असतो, आणि अनेक कागदांवर त्याचा वेगळा रकाना नसतो. तुमच्या डाव्या चाकाचा कॅम्बर मर्यादेबाहेर ८ मिनिटांनी गेला आहे हे वर्कशॉपचे वाक्य चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. डावीकडे अधिक ३८ आणि उजवीकडे उणे ५२, म्हणजे दोन्ही चाकांत ९० मिनिटांचा, पूर्ण दीड अंशाचा फरक आहे. दोन्ही बाजूंतला हा फरक साधारणपणे अर्ध्या अंशाच्या आत राहावा अशी अपेक्षा असते. तुमच्या गाडीसाठीची नेमकी मर्यादा उत्पादकाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि ती वर्कशॉपकडून लेखी मागावी. कॅस्टरचेही तसेच आहे. दोन्ही आकडे हिरवे आहेत, तरी त्यांच्यात १ अंश ५ मिनिटांचे अंतर आहे.

या दोन फरकांचा परिणाम तुम्ही रोज अनुभवता आहात. चाकाचा माथा बाहेर झुकला की कॅम्बर अधिक मानतात, आत झुकला की उणे. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त अधिक, त्या बाजूला गाडी ओढते. चाक ज्या अक्षाभोवती वळते त्या अक्षाचा माथा मागे झुकलेला असणे म्हणजे कॅस्टर. ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. तुमच्या गाडीत ही दोन्ही कारणे एकाच, डाव्या बाजूला आहेत आणि ती एकमेकांत मिळून जोर वाढवतात. कॅम्बर अधिक असल्यामुळे टायरच्या बाहेरच्या कडेवर भार येतो आणि ती कड आधी झिजते. टोच्या दोषाने झिजलेल्या टायरवर आडवा हात फिरवला तर एका दिशेने करवतीसारखी धार लागते. तुमच्या टायरची कड गुळगुळीत झिजली असेल, तर दोष कॅम्बरचा आहे याला तो आणखी एक पुरावा होईल.

आता सर्वांत उपयोगी आकडा घेऊ, ज्याला मर्यादाच छापलेली नाही आणि म्हणून ज्याकडे कोणी पाहिले नाही. एसएआय, काही यंत्रांवर केपीआय, म्हणजे गाडीकडे समोरून पाहिले असता स्टिअरिंगचा अक्ष आत किती झुकला आहे तो कोन. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत, आणि १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे हीच रचना आहे, हा अक्ष स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगपासून लोअर आर्मच्या बॉल जॉइंटपर्यंत जातो. कॅम्बर आणि एसएआय यांची बेरीज केली की जो कोन मिळतो त्याला इन्क्लूडेड अँगल म्हणतात. आपण त्याला एकत्रित कोन म्हणू. हा कोन नकल आणि स्ट्रट यांच्या आकारावरच ठरतो. चाक आत झुको वा बाहेर, वरचा किंवा खालचा आधार सरको, नकल आणि स्ट्रट वाकलेले नसतील तर एकत्रित कोन बदलत नाही. अपघातग्रस्त गाडीची तपासणी करणाऱ्यासाठी या कोनाइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही, असे माझे मत आहे, आणि तो एका साध्या बेरजेने मिळतो.

तुमच्या गाडीचा हा कोन काढू. डावीकडे ११ अंश ५७ मिनिटांत ३८ मिनिटे मिळवली की १२ अंश ३५ मिनिटे येतात. उजवीकडे १३ अंश २५ मिनिटांतून ५२ मिनिटे वजा केली की १२ अंश ३३ मिनिटे उरतात. फरक अवघा २ मिनिटांचा. याचा अर्थ जुनी ठेवलेली नकल वाकलेली नाही आणि नवा स्ट्रट योग्य बसला आहे. नकल बदलली नाही याची शंका तुमच्या मनात असणे साहजिक आहे, परंतु ती आता सोडून द्यावी, आणि कोणी सुचवले तरी नकलेवर खर्च करू नये. हा कोन दोन्ही बाजूंना वेगळा आला असता तर मात्र नकल किंवा स्ट्रट यांपैकी एक वाकले आहे असे मानून शोध तिथूनच सुरू करावा लागला असता.

एकत्रित कोन समान असूनही एसएआय आणि कॅम्बर बिघडले आहेत, म्हणजे संपूर्ण जुळणी जशीच्या तशी वरून किंवा खालून सरकली आहे. डावीकडे एसएआय कमी आणि कॅम्बर अधिक आहे. असे होण्याची प्रमुख कारणे तीन : लोअर आर्म वाकणे, खालचा आधार आत सरकणे, किंवा ज्या एप्रनमध्ये स्ट्रटचे डोके बसते तो बाहेर जाणे. आर्म नवा आहे, त्यामुळे पहिले कारण गळते. बाहेरून आत बसलेल्या धक्क्याने एप्रन बाहेर जाणे संभवत नाही. तो आत गेला असता तर एसएआय वाढला असता आणि कॅम्बर उण्याकडे गेला असता, म्हणजे दिसते त्याच्या नेमके उलट. उरतो खालचा आधार. उजव्या, धक्का न बसलेल्या चाकाने याला दुजोरा दिला आहे : तिकडे एसएआय वाढला आहे आणि कॅम्बर उण्याकडे गेला आहे. सबफ्रेम डावीकडून उजवीकडे सरकला तर डाव्या चाकाची खालची बाजू आत आणि उजव्या चाकाची खालची बाजू बाहेर जाते, आणि हेच चित्र उमटते. सेटबॅकमध्ये डावे चाक ८ मिलिमीटर मागे दिसते आणि डावा कॅस्टर घटला आहे, यावरून सबफ्रेमचा डावा कोपरा मागेही गेला आहे हे कळते. उजवा कॅस्टर मर्यादेच्या मध्यापेक्षा २५ मिनिटांनी जास्त आहे, म्हणजे उजवी बाजू किंचित पुढे येऊन सबफ्रेम थोडा फिरलाही असावा.

सरकण्याचे माप अंदाजाने काढता येते. दोन्ही कॅम्बरची सरासरी उणे ७ मिनिटे आहे, म्हणजे प्रत्येक चाक तिथून ४५ मिनिटांनी हलले आहे. स्ट्रटच्या वरच्या टोकापासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंतचे अंतर ६०० मिलिमीटर धरले, तर ४५ मिनिटे म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर. सबफ्रेमच्या बोल्टांच्या भोकांत इतकी मोकळीक सहसा नसते. ती काही मिलिमीटरचीच असते. म्हणून सबफ्रेम सैल करून, जुळवणीच्या खुणांवर किंवा पिनांवर आणून पुन्हा बसवणे हे पहिले काम असले, तरी तेवढ्याने पूर्ण सुधारणा होईलच असे मी म्हणणार नाही. सबफ्रेम स्वतः वाकला असेल तर तो बदलावा लागेल, आणि बॉडीवरची बोल्टची जागा सरकली असेल तर गाडी चॅसी बेंचवर चढवून उत्पादकाच्या मापांशी ताडून ती जागा ओढून आणावी लागेल. बेंचवरच्या मापांचा छापील कागद मागा. नुसत्या “बघितले, ठीक आहे” या शब्दांवर समाधान मानू नका.

वर्कशॉपला पहिला प्रश्न असा विचारा : दुरुस्तीच्या वेळी सबफ्रेम काढला किंवा सैल केला होता काय, आणि तो बसवताना जुळवणी कशी तपासली? दुसरा प्रश्न : अपघातानंतर बॉडीची मापे घेतली होती काय? दुरुस्तीपूर्वीचा अलाइनमेंटचा कागद असेल तर तोही मागा, कारण सबफ्रेम अपघातातच सरकला की जोडताना चुकीचा बसला, हे त्या कागदावरून ठरू शकते.

एका गोष्टीपासून मात्र तुम्ही निक्षून दूर राहावे. काही केंद्रांवर हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट किंवा नकल वाकवतात आणि कॅम्बरचा आकडा हिरव्यात आणून देतात. कुठे स्ट्रट आणि नकल जोडणारा बारीक मापाचा बोल्ट वापरून तेच साधतात. काही गाड्यांत बारीक बोल्टाची सोय उत्पादकानेच दिलेली असते आणि लहान फरकासाठी ती योग्यही आहे. तुमच्या गाडीत मात्र त्याने चांगली नकल बिघडेल, एसएआय आणि कॅस्टरमधला फरक तसाच राहील, गाडी ओढतच राहील, आणि एकत्रित कोन बिघडल्यामुळे पुढच्या तपासनिसाला खरा दोष शोधणे अवघड होईल. जॅकने वाकवलेला भाग चाकाचा भार वाहतो, हेही विसरून चालणार नाही.

हे सारे मोजमाप नीट झाले असेल या गृहीतावर आहे, म्हणून पुन्हा मोजून घेणे इष्ट. चारही टायरांतील हवा सारखी आणि नेमून दिलेली असावी, डिकी रिकामी असावी, रिमच्या वाकडेपणाची भरपाई यंत्रात करून घ्यावी आणि गाडी दाबून-सोडून स्प्रिंगा बसवाव्यात. कॅस्टर आणि एसएआय मोजण्यासाठी ब्रेक दाबून धरून पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर डावी-उजवीकडे वळवावी लागतात. घाईच्या वेळी अनेक ठिकाणी ही पायरी गाळतात, तेव्हा ती तुमच्या समोर करून घ्यावी. शिवाय आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो आणि रस्त्याचा उतार त्या बाजूला असतो, त्यामुळे अगदी निर्दोष गाडीही किंचित डावीकडे झुकते. टायरचा स्वतःचा दोष वगळण्यासाठी पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावून पाहावेत. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा, तशीच राहिली तर गाडीचा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र ही अदलाबदल करू नये.

यंत्राशिवायही एक पडताळणी घरी करता येते. सपाट फरशीवर स्टिअरिंग सरळ ठेवून प्रत्येक चाकाच्या मध्यातून ओळंबा सोडावा, फरशीवर खडूने खूण करावी आणि दोन्ही बाजूंची पुढच्या-मागच्या चाकांमधली लांबी टेपने मोजावी. डावी बाजू आठ-नऊ मिलिमीटरने कमी भरली तर कागदावरचा सेटबॅक खरा आहे.

विम्याबद्दल थोडक्यात. सबफ्रेमचे किंवा बॉडीचे नुकसान त्याच अपघातातले असेल तर ते मूळ दाव्याचाच भाग आहे. ते आधी लपलेले होते आणि आता मोजमापाने उघड झाले, असे कागदांसह विमा कंपनीला लेखी कळवावे आणि सर्वेक्षकाकडून पुन्हा पाहणी मागावी. जोडताना चूक झाली असेल तर जबाबदारी वर्कशॉपची आहे. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा एक महिन्यात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुणे येथे आहेत आणि तिथे शुल्क लागत नाही. वर्कशॉपविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. तोपर्यंत झिजलेला टायर टाकू नका, तो पुरावा आहे.

प्रश्न : माझ्या गाडीला मागून धडक बसली होती. आता गाडी सरळ चालते, परंतु सरळ चालताना स्टिअरिंग उजवीकडे वळलेले राहते. पुढचे अलाइनमेंट तीन वेळा केले. मागचा टो डावीकडे अधिक ० अंश २५ मिनिटे, उजवीकडे उणे ० अंश ५ मिनिटे असा आहे.
(एक वाचक, सांगली)

उत्तर : दोष मागे आहे, म्हणून पुढचे अलाइनमेंट कितीही वेळा केले तरी तो जाणार नाही. टो अधिक म्हणजे चाकाची पुढची बाजू आत, उणे म्हणजे बाहेर, आणि मागच्या दोन्ही टोंच्या फरकाचा निम्मा म्हणजे थ्रस्ट अँगल. तुमच्या गाडीत २५ आणि उणे ५ यांतला फरक ३० मिनिटे, म्हणून थ्रस्ट अँगल १५ मिनिटे, उजवीकडे. मागची चाके गाडीला किंचित उजव्या दिशेने ढकलतात, त्यामुळे सरळ जाण्यासाठी पुढची चाकेही तेवढीच उजवीकडे वळवून धरावी लागतात आणि स्टिअरिंग वाकडे दिसते. दोन्ही धुऱ्यांमधले अंतर २४५० मिलिमीटर धरले तर गाडीचे मागचे अंग सुमारे १ सेंटिमीटर बाजूला चालते. हे डोळ्यांना दिसत नाही, परंतु ओल्या फरशीवरून सरळ पुढे गेल्यास चाकांच्या खुणांत ओळखू येते.

लहान गाड्यांत मागे बहुधा टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाके जोडणारा आडवा बीम, असतो आणि त्यात टो बदलण्याची सोय नसते. बीमचे बुश, मग चाकाचे स्टब अॅक्सल, आणि शेवटी बीम ज्या ब्रॅकेटांवर बसतो त्यांच्या जागा, या क्रमाने तपासणी करावी. डाव्या बाजूचे वागणे अधिक संशयास्पद असेल असे मात्र धरून चालू नये. बीम तिरका बसला तर दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांच्या उलट बदलतात आणि तुमच्याकडे तसेच दिसते आहे. मागच्या भागाचे काम झाल्याखेरीज टाय रॉड फिरवून स्टिअरिंग मध्यावर आणून घेऊ नये. तसे केल्यास वाकडेपणा डोळ्यांआड होतो, गाडी मात्र तिरकीच चालत राहते.

प्रश्न : अपघातानंतरच्या दुरुस्तीत अलाइनमेंट व्यवस्थित झाले, पण तेव्हापासून स्थिरता नियंत्रणाचा दिवा अधूनमधून लागतो. याचा अलाइनमेंटशी संबंध असू शकतो काय?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : असू शकतो. स्टिअरिंग किती वळले आहे हे सांगणारा सेन्सर स्टिअरिंगच्या खांबाजवळ असतो, आणि टाय रॉड फिरवून किंवा स्टिअरिंग काढून बसवून सरळ स्थिती बदलली की सेन्सरचे शून्य आणि चाकांचे शून्य वेगळे पडते. गाडी सरळ चालत असताना संगणकाला ती वळते आहे असे वाटते आणि तो दिवा लावतो. अलाइनमेंट संपल्यावर स्कॅनर लावून सेन्सरचे शून्य नव्याने नोंदवणे हा त्याच कामाचा भाग आहे आणि तो बिलात वेगळा दिसला नाही तर विचारून घ्यावा. समोरच्या काचेवर कॅमेरा असलेल्या गाड्यांत थ्रस्ट अँगल दुरुस्त केल्यावर कॅमेऱ्याचे अंशांकनही करावे लागते, कारण त्याची समोरची दिशा मागच्या चाकांवरून ठरते. हे करूनही दिवा लागत राहिला, तर चाकांच्या वेगाचे सेन्सर आणि त्यांच्या तारा तपासाव्यात. धडक बसलेल्या बाजूची तार अनेकदा आतून तुटलेली आणि बाहेरून शाबूत असते.